शेवटचं पान नसलेली पोथी: इरॅस्मस नेमका कशामुळे मोठा?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीला अर्ज करतेय. मुलाखतीत विचारलंच तर असू द्यावं, म्हणून ज्याच्या नावाने ती मिळते त्या माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि पार गोंधळले. एक म्हणतो, हा युरोपातल्या मानवतावाद्यांचा मुकुटमणी. दुसरा म्हणतो, त्याने छापलेलं ग्रीक बायबल घाईत उरकलेलं आणि चुकांनी भरलेलं. सर, तुम्ही पोथ्यांचं संपादन करता. चुका करणारा संपादक पाचशे वर्षं मोठा कसा राहतो?"

दोघांचंही खरं आहे. माझ्या मते दुसऱ्याचं नीट समजलं की पहिल्याचं आपोआप समजतं. मी तीसेक वर्षं मराठी आणि संस्कृत पोथ्यांचे पाठभेद, म्हणजे एकाच ओळीची निरनिराळ्या प्रतींतली वेगळी रूपं, लावतोय, ग्रीक मला कोशाच्या आधारानेच येतं. तेव्हा हे धर्मशास्त्राच्या बाजूने नाही, पोथी हातात धरणाऱ्याच्या बाजूने लिहितोय.

आधी शिष्यवृत्तीचं. युरोपातली मूळ योजना १९८७ची. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं 'इरॅस्मस' जमावं अशी ओढूनताणून बसवली आहेत. तरी नाव चपखल आहे, कारण हा माणूस आयुष्यभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला: रॉटरडॅम, पॅरिस, लंडन, तुरिन, व्हेनिस, केंब्रिज, लूव्हेन, बाझेल, फ्रायबुर्ग. सगळीकडे एकाच भाषेत बोलला आणि लिहिला, ती म्हणजे लॅटिन.

दुसरं, 'मानवतावादी' हा मराठी शब्द इथे फसवतो. आपण तो दीनदुबळ्यांचा कैवारी, नाहीतर देवधर्म न मानणारा अशा अर्थाने वापरतो. पंधराव्या-सोळाव्या शतकात मानवतावादी म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकणारा-शिकवणारा, जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ मुळातून वाचणारा माणूस. थोडक्यात, भाषेचा माणूस. इरॅस्मस तर दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू होता आणि मरेपर्यंत तोच राहिला.

त्याचा जन्म रॉटरडॅमचा, साल १४६६ किंवा १४६९. बाप स्वतःच धर्मगुरू, म्हणजे मुलगा अनौरस, आणि ही गोष्ट त्याला जन्मभर टोचत राहिली. डेव्हेंटरच्या शाळेत असताना आई-वडील दोघंही प्लेगने गेले. मग ज्यांच्यावर सांभाळायची जबाबदारी आली त्यांनी मुलाला मठात ढकललं. हा मठ स्टाइनचा, ज्या गावाच्या नावाने गौडा चीज विकलं जातं त्याच्या जवळचा. १४९२मध्ये दीक्षा झाली. मग एका बिशपचा लॅटिन चिटणीस म्हणून जो बाहेर पडला तो पुन्हा मठात राहायला गेलाच नाही. पॅरिसच्या ज्या कॉलेजात राहिला तिथल्या नासक्या अंड्यांचा राग त्याने पुढे पुस्तकात काढला. मठाचा वेश न घालण्याची पोपची रीतसर परवानगी मिळायला मात्र १५१७ साल उजाडलं.

१४९९मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथे थॉमस मोर आणि जॉन कॉलेट हे इंग्रज विद्वान भेटले, आणि ग्रीक आल्याशिवाय आपलं काही खरं नाही हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो तिशी गाठलेला किंवा ओलांडलेला होता. आमच्याकडे पस्तिशीत मोडी शिकायला येणारे लोक वय झाल्याची तक्रार करतात, त्यांना मी हे सांगतो. १५००च्या एका पत्रात तो मित्राला लिहितो, की पैसे हातात आले की आधी ग्रीक पुस्तकं घेईन, मग कपडे. आणि पैसे नव्हतेच. इंग्लंडातून परतताना डोव्हरच्या जकातवाल्यांनी त्याच्याजवळची जवळजवळ सगळी रक्कम काढून घेतली होती, कारण देशाबाहेर नाणी न्यायला बंदी होती.

त्या कडकीत त्याने एक छोटं पुस्तक काढलं: 'अडाजिया', ग्रीक-लॅटिन म्हणींचा संग्रह. १५००च्या पॅरिस आवृत्तीत आठशेच्या वर म्हणी होत्या. १५०८ला व्हेनिसला आल्डस मनुटियसच्या छापखान्यात बसून त्याने त्या तीन हजारांवर नेल्या, आणि त्याच्या मृत्यूच्या साली, १५३६ला, आकडा ४१५१ झाला होता. व्हेनिसचं दृश्य मला फार आवडतं. हा कोपऱ्यात बसून आठवणीतून लिहितोय, शाई वाळायच्या आत कागद जुळाऱ्याकडे जातोय. कान खाजवायलाही फुरसत नव्हती, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आजूबाजूचे विद्वान, त्यात ग्रीकही होते, स्वतःजवळची न छापलेली हस्तलिखितं त्याच्यापुढे आणून ठेवत. हा उदारपणा तो विसरला नाही, कारण इतर ठिकाणी पोथी नुसती दाखवायलाही लोक कां-कूं करत. ते अजूनही करतात, असो.

या पुस्तकाची एक खूण आपल्या वर्तमानपत्रांतही आहे. चौकशी समिती नेमली की बातमीदार लिहितात, 'पँडोराची पेटी उघडली'. हेसिअडच्या मूळ ग्रीक कवितेत पेटी नाहीच, 'पिथॉस' आहे, म्हणजे धान्य नाहीतर तेल साठवायचा मोठा रांजण. इरॅस्मसने लिहिताना त्याला 'पिक्सिस' केलं, म्हणजे डबी. त्याचं पुस्तक घरोघरी गेल्यामुळे डबी रूढ झाली आणि रांजण फुटला तो फुटलाच.

आता बायबलकडे. तुझ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

पश्चिम युरोपात हजारभर वर्षं बायबल म्हणजे जेरोमच्या नावावर चालणारं लॅटिन भाषांतर, 'व्हल्गेट'. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा भाग, मुळात ग्रीक आहे हे माहीत सगळ्यांना होतं, पण ग्रीक वाचणारे मोजके. १५०४मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठाच्या ग्रंथालयात इरॅस्मसला लोरेन्झो वाल्लाच्या टिपांचं हस्तलिखित सापडलं. वाल्ला त्याच्या आधीच्या पिढीतला इटालियन, भांडखोर आणि अचूक. त्याने लॅटिन बायबल ग्रीकशी ताडून कुठे काय बिघडलंय ते टिपलं होतं. इरॅस्मसने ते पुढच्याच वर्षी छापलं. धर्मग्रंथाच्या शब्दांत व्याकरण जाणणाऱ्याने नाक खुपसावं का, या वादात त्याने तेव्हाच बाजू घेतली होती: भाषांतर करणं हे व्याकरणाचंच काम आहे.

दहा वर्षांनी तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला फ्रोबेनच्या छापखान्यात पोचला. १५१५च्या शरद ऋतूत छपाई सुरू झाली आणि १ मार्च १५१६ला ग्रंथ तयार. ग्रीक मजकूर, शेजारी त्याचं स्वतःचं सुधारलेलं लॅटिन भाषांतर, मागे शेकडो पानांच्या टिपा, सगळं मिळून हजारएक पानं, आणि तेही पाच-सहा महिन्यांत. आज आमच्याकडे शंभर पानांच्या पोथीचा पाठमेळसुद्धा एवढ्या वेळात होत नाही. घाईचं एक कारण बहुधा स्पेनमध्ये होतं. कार्डिनल सिस्नेरोसने अल्कालाला चालवलेल्या बहुभाषी बायबलातला नवा करार १५१४लाच छापून तयार होता, फक्त पोपच्या मंजुरीसाठी अडकून पडला होता. इरॅस्मसनेच नंतर म्हटलं, की हे प्रकाशित कमी झालं आणि ढकललं जास्त गेलं.

त्याच्याजवळ जेमतेम अर्धा डझन ग्रीक हस्तलिखितं होती, बहुतेक बाझेलमध्येच मिळालेली आणि बहुतेक उशिराच्या काळातली, बाराव्या शतकाच्या आसपासची. शुभवर्तमानांसाठी, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांसाठी तर त्याने जुनं हस्तलिखितच छापखान्यात दिलं, ओळींच्या मध्ये आणि समासात दुरुस्त्या लिहून. आमच्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासत, त्यावरूनच आपला वाक्प्रचार आला. इथे हरताळ नाही, शाईच. पाचशे वर्षांपूर्वीच्या संपादकाची छापखान्याला दिलेली कॉपी अशी शाबूत राहणं हे आमच्या धंद्यातलं मोठं भाग्य.

सगळ्यात बदनाम चूक शेवटच्या पुस्तकातली, 'प्रकटीकरणा'तली. त्याचं एकच ग्रीक हस्तलिखित त्याला मिळालं, रॉइखलिन या जर्मन पंडिताकडून उसनं आणलेलं, आणि त्याचं शेवटचं पान गळालेलं. पोथीचं पहिलं आणि शेवटचं पानच आधी जातं. हाताळणी त्यांची, वाळवीही त्यांनाच. शेवटची सहा वचनं नाहीत, छापखाना थांबलेला. इरॅस्मसने लॅटिन घेतलं आणि ती वचनं स्वतः ग्रीकमध्ये उलट भाषांतरित केली.

त्याने काय झालं ते एका शब्दात बघ. ग्रीक हस्तलिखितांत एकोणिसाव्या वचनात आहे 'जीवनाचं झाड'. लॅटिनमध्ये झाड म्हणजे 'लिग्नो'. कुठल्या तरी जुन्या लॅटिन लेखनिकाने नजरचुकीने 'लिब्रो' केलं होतं, म्हणजे 'पुस्तक'. दोन अक्षरांचा फरक, आणि वाक्य तरीही लागतं, कारण 'जीवनाचं पुस्तक' त्याच ग्रंथात इतरत्र आलेलंच आहे. अशी चूक पकडणं सर्वांत अवघड असतं. इरॅस्मसने लॅटिनचं 'पुस्तक' निमूटपणे ग्रीकमध्ये नेलं. पुढे १६११च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही पुस्तकच आलं. तोपर्यंत ज्याला ग्रीक हस्तलिखितांचा आधार नव्हता तो पाठ लाखो लोकांचा झाला.

हे वाचून नाक मुरडायचा हक्क मला नाही. उमेदवारीच्या काळात एका आख्यानाच्या पोथीचं शेवटचं पान नव्हतं आणि दुसरी प्रत मिळत नव्हती. चाल, छंद, फलश्रुतीचा साचा सगळं पाठ होतं. मी दोन ओव्या रचून जोडल्या, कंसात घातल्या आणि छापून येईपर्यंत कंस कुठे गेला ते मलाही कळलं नाही. वर्षभराने एक वाचक त्याच ओव्या 'फार अस्सल' म्हणून मला दाखवायला आले.

इरॅस्मसने निदान टीप लिहिली होती. ग्रंथाच्या शेवटी काही शब्द ग्रीक प्रतीत नव्हते, ते लॅटिनवरून घातले आहेत, असं त्याने छापील टिपांत सांगितलंय. पुढे एडवर्ड ली या टीकाकाराला उत्तर देताना तर पूर्ण कबुली दिली. गंमत अशी, की त्याने बाझेलच्या मित्रांना कळवलं होतं, की तो भाग आल्डसच्या छापखान्याच्या १५१८च्या ग्रीक बायबलावरून दुरुस्त करा. आणि ते आल्डसचं बायबल त्याच्याच १५१६च्या छापावरून उतरवलेलं होतं! स्वतःच्याच चुकीला दुसरा साक्षीदार मिळाला. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दहा प्रती म्हणजे दहा मतं नव्हेत, एकच मत, हे मी नव्या मुलांना याच गोष्टीवरून शिकवतो.

दुसरं प्रकरण उलट्या प्रकारचं. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत, असं वाक्य लॅटिन बायबलात होतं. इरॅस्मसला ते एकाही ग्रीक प्रतीत दिसेना. त्याने १५१६ला गाळलं आणि १५१९लाही गाळलं. त्रिमूर्तीचा, म्हणजे त्यांच्या त्रैक्याचा, सर्वांत स्पष्ट आधारच काढला म्हणून गहजब झाला. लीने झोड उठवली, स्पेनच्या स्टुनिकाने उठवली. मग इंग्लंडात एक ग्रीक हस्तलिखित निघालं, ज्यात ते वाक्य होतं. १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसने वाक्य घातलं, आणि टिपेत लिहिलं, की ही प्रत लॅटिनशी जुळवून सुधारलेली वाटते, तरी कुणाला बदनामीला निमित्त नको म्हणून घालतोय. 'एक प्रत दाखवा, घालतो' असं वचन त्याने दिलं होतं आणि ते पाळलं, ही गोष्ट तुला जागोजागी वाचायला मिळेल. तसं वचन त्याच्या लिखाणात नाही. ती नंतर जडलेली दंतकथा आहे, मुलाखतीत ठोकून देऊ नकोस.

इथे तो वाकला, हे मान्य करावं लागतं. पण वाकताना आपण का वाकतोय ते समासात लिहून ठेवणारे संपादक मी फार थोडे पाहिलेत.

आता जमेची बाजू, तीही एका शब्दावरून. मत्तयाच्या शुभवर्तमानात उपदेशाची सुरुवात 'मेटॅनोइटे' या ग्रीक शब्दाने होते. लॅटिनमध्ये त्याचं रूढ भाषांतर होतं, 'प्रायश्चित्त करा'. या दोन शब्दांवर चर्चची कबुलीजबाब आणि प्रायश्चित्ताची सगळी व्यवस्था उभी होती. वाल्लानंतर इरॅस्मसनेही दाखवलं, की ग्रीक शब्दात 'करण्या'चं काही नाही, त्यात मन आहे. 'भानावर या', असं लॅटिन त्याने सुचवलं. मराठीत ऐक: 'प्रायश्चित्त करा' म्हटलं की भटजी, दक्षिणा, विधी डोळ्यांपुढे येतात. 'भानावर या' म्हटलं की समोर कुणीच उरत नाही, आपण एकटेच. १५१७च्या ऑक्टोबरात जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने जी पंच्याण्णव विधानं मांडली त्यातलं पहिलंच या शब्दावर आहे. पुढे ल्यूथरने जर्मन भाषांतर केलं ते इरॅस्मसची १५१९ची आवृत्ती पुढ्यात ठेवून, आणि टिंडेलनेही इंग्रजीसाठी त्याचाच ग्रीक मजकूर घेतला.

म्हणजे बघ, त्याचं मोठेपण त्याने छापलेल्या संहितेत नाही. संहिता मध्यमच होती, नंतरच्यांनी ती बरीच मागे टाकली. पण हजार वर्षं जो ग्रंथ 'असाच आहे' म्हणून चालला होता तो त्याने पानावर शेजारीशेजारी उलगडून ठेवला: हे मूळ, हे माझं भाषांतर, हे मी का बदललं. मग लोक तुटून पडले तेव्हा एकदा नाही, पाच वेळा आवृत्ती काढली: १५१६, १५१९, १५२२, १५२७, १५३५. १५२७मध्ये तर प्रतिस्पर्धी स्पॅनिश बायबलावरून 'प्रकटीकरणा'त बऱ्याच दुरुस्त्या केल्या. त्याच्या चुका तुला आज इंटरनेटवर सापडतात त्या त्याने स्वतः सोडलेल्या खुणांचा माग काढूनच.

एका पत्रात तो एक किस्सा सांगतो. एक धर्मगुरू प्रार्थनेत 'सुम्प्सिमुस' (आम्ही ग्रहण केलं) ऐवजी 'मुम्प्सिमुस' म्हणायचा, ज्याला काही अर्थच नाही. चूक दाखवली तर म्हणाला, मी वर्षानुवर्षं असंच म्हणतोय, आता बदलणार नाही. आमच्या कार्यालयात हा शब्द रोज वापरात आहे. छापील आवृत्तीत चुकीची ओवी पाठ असणारे कीर्तनकार फोन करून रागावले की आम्ही एकमेकांना म्हणतो, मुम्प्सिमुस आले.

बाकीचं भराभर सांगतो. मोरच्या घरी १५०९ला त्याने 'मूर्खपणाची स्तुती' लिहिली, तीत मूर्खदेवी स्वतःच व्यासपीठावर चढून धर्मपंडितांची टर उडवते. त्याचं आजही आवडीने वाचलं जातं ते हेच. केंब्रिजला ग्रीक शिकवलं आणि तिथल्या बिअरला नावं ठेवली, कारण याला वाइन लागे, मुतखड्याचं दुखणं होतं. युद्धाविरुद्ध त्याने लिहिलेला निबंध एका म्हणीवरची टीप म्हणून सुरू झाला: ज्याने युद्ध पाहिलं नाही त्याला ते गोड लागतं. ग्रीकचा उच्चार कसा असावा यावरही पुस्तक लिहिलं, आणि ते सिंह आणि अस्वल यांच्या संवादाच्या रूपात.

ल्यूथरशी त्याचं बिनसलं. १५२४ला इरॅस्मसने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, १५२५ला ल्यूथरने त्याला कडक उत्तर दिलं. इरॅस्मसने अंडं घातलं आणि ल्यूथरने उबवलं, अशी थट्टा होत असे. त्यावर तो म्हणाला, मी कोंबडीचं घातलं होतं, ल्यूथरने भलतंच पाखरू काढलं. दोन्ही बाजूंनी मार खाणारा माणूस, म्हणून आज त्याचं फार कौतुक होतं. मला ते थोडं जास्तच वाटतं. त्यात तत्त्व होतं तसं भिडस्तपणही होतं. आणि शांततेचा पुरस्कर्ता असूनही ज्यूंबद्दलचे त्याचे काही उद्गार वाचताना मान खाली जाते. १५५९ला पोप चौथ्या पॉलच्या बंदी-यादीत त्याचं सगळंच लिखाण गेलं.

आणि या सगळ्याचा आमच्या पुण्याशी काय संबंध? त्याने वापरलेली एक कसोटी अशी: दोन पाठांत जो अवघड तो बहुधा मूळचा, कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड करत नाही. त्याच्या ग्रीक संहितेला १६३३मध्ये 'सर्वमान्य पाठ' असं बिरुद लागलं, आणि ते बिरुद उतरवायला जर्मन संपादक लाखमनला १८३१ उजाडावं लागलं. याच जर्मन परंपरेत बर्लिनला तयार झालेले विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ला भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक, म्हणजे अनेक पोथ्या ताडून लावलेल्या, आवृत्तीचे प्रमुख झाले. नीलकंठ चतुर्धराची, म्हणजे आपल्याच गोदाकाठच्या घराण्यातल्या माणसाची, जी प्रचलित संहिता होती तिला त्यांनी नाव कोणतं वापरलं? व्हल्गेट. आदिपर्वात व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही कथा त्यांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. गणपतीला परिशिष्टात घालणं म्हणजे काय, हे पुण्यात सांगायला नको. योहानाच्या पत्रावरचं वादंग वाचताना मला नेहमी ते पान आठवतं.

इरॅस्मस १२ जुलै १५३६ला बाझेलमध्ये वारला. त्याच्या आदल्या वर्षी मोरचा शिरच्छेद झाला होता. शहर तोवर प्रोटेस्टंट झालेलं, तरी त्या कॅथलिक धर्मगुरूला त्यांनी मुख्य चर्चमध्येच जागा दिली आणि ती अजून तिथे आहे. तुझा प्रवेश युरोपात कुठेही झाला तरी एक सुट्टी काढून बाझेल गाठ. शुभवर्तमानांचं ते शाई फासलेलं हस्तलिखित तिथल्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. शेवटचं पान नसलेलं मात्र तिथे मिळणार नाही. ते हरवलं असं समजून लोक गप्प होते, १८६१च्या सुमारास एका जर्मन सरदारघराण्याच्या संग्रहात सापडलं आणि आता आउग्सबुर्गला आहे. पान अर्थातच अजून नाही.